सहा बाय चार

"सगळ्यांचे झाले आणि आपलाच राहिला?" दारातूनच रविराज म्हणाला.

मंडईमागच्या बोळातल्या त्या दुकानात पंधरा देशांचे झेंडे इस्त्री करून दोरीवर टांगले होते. परवा शहरात सोळा देशांच्या मंत्र्यांची बैठक भरणार होती आणि तिथल्या सजावटीचं काम रविराजच्या शेठकडे होतं. त्याने झेंडे दोनदा मोजले. तिरंगा नव्हता.

"उद्या मिळेल," शमशुद्दीनभाई म्हणाले. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे वाक्य जरा चेपूनच बाहेर आलं. चाळीस वर्षं झेंडे शिवणाऱ्या या माणसाला घाई करून उपयोग नसतो, हे अख्ख्या बोळाला माहीत होतं. रविराज मात्र धायरीचा होता.

"राहिलाय ते बरंच झालं म्हणा. शेठ म्हणालेत, आपला जरा मोठा करा. बाकीचे सहा बाय चार, आपला नऊ बाय सहा."

"सगळे एका मापाचे. नियमच आहे तसा."

"नियमाचं काय हो, खांबावर चढून कोण मोजतंय? चाचा, आता जगात आपलं वजन आहे. एकमेकांचं तोंड न बघणारे देश आपल्याकडे येऊन एका टेबलाशी बसणारेत. ते दिसायला नको?"

"वजन काट्यावर बघतात. हे टेपने मोजायला निघालेत," रझियाबी म्हणाल्या. त्या कोपऱ्यातल्या मशीनवर नवऱ्याने कापलेलं शिवत बसायच्या आणि बोलताना मान वर करायच्या नाहीत.

रविराजने दोरीवरच्या शेवटच्या झेंड्याचं टोक धरलं. "हा कुठला?"

"बेटांचा देश आहे. आपल्या कात्रजएवढी तरी माणसं असतील की नाही, कोण जाणे."

"आणि त्यालाही सहा बाय चार?"

"त्यालाच तीन दिवस गेले," शमशुद्दीनभाई म्हणाले. "एक तारा कमी पडला होता. हिने सगळे उसवून परत लावले."

रविराजचं डोकं फिरलं. शेठचा सकाळपासून चौथा फोन झाला होता.

"त्यांच्यासाठी तीन दिवस. आणि आमचा झेंडा मोठा शिवा म्हटलं की तुमचा हात आखडतो. का हो?"

मशीन थांबलं.

शमशुद्दीनभाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत टाकल्या. त्यांना लागलं होतं आणि ते लपवायची कला त्यांना कधीच साधली नव्हती. दारातून आत येताना 'आपला' असलेला झेंडा दोरीपाशी पोचेपर्यंत 'आमचा' झाला होता.

"कुणाचा म्हणालात?"

आपण काय बोललो, ते रविराजला आता ऐकू आलं. पण माघार घेणं जमेना. "नसेल करायचा तर तसं सांगा. हे पंधरा घेऊन जातो, तो दुसरीकडे शिवून घेतो."

शमशुद्दीनभाईंची नजर दोरीवर गेली. पंधरा परक्या देशांचे झेंडे आपल्या हातचे आणि तिरंगा तेवढा दुसऱ्या कुणाच्या. नऊ बाय सहा म्हणायचं, की विषय मिटत होता. कापडही पुरलं असतं. त्यांनी रझियाबींकडे पाहिलं. रझियाबींनी नुसती मान हलवली, नाही अशी.

"रविराजभाऊ, तुमच्या घरात एवढ्यात लग्न झालं का कुणाचं?"

"बहिणीचं. मागच्या वर्षी. त्याचं काय?"

"तुम्ही कितव्या पंगतीला जेवलात?"

"शेवटच्या. चार वाजून गेले होते."

"का बरं? कार्य तुमच्या घरचं."

"म्हणजे काय? पाहुणे ताटकळत ठेवून घरच्यांनी बसायचं? आमच्यात नाही तशी पद्धत."

"आमच्यातही नाही," शमशुद्दीनभाई म्हणाले. "म्हणून पाहुण्यांचे आधी शिवतो आणि आपला शेवटी. अब्बा असल्यापासून. आणि एक सांगा, यजमान म्हणून त्या दिवशी पान मोठं घेतलं होतंत?"

रझियाबींनी उठून कपाट उघडलं आणि पांढऱ्या धडप्यात बांधलेलं एक गाठोडं टेबलावर सोडलं. केशरी, पांढरं, हिरवं. तिन्ही कोरी कापडं.

"शिवतो शेवटी. पण कापड पहिल्या दिवशीच काढून ठेवतो," त्या म्हणाल्या. "ताग्यातलं सगळ्यात चांगलं."

तेवढ्यात पाचवा फोन आला.

"हो शेठ. दुकानातच आहे. नाही, नऊ बाय सहा नाही. सहा बाय चार. सगळ्यांएवढाच." पलीकडचा आवाज इतका चढला की रविराजने फोन कानापासून जरा लांब धरला. मग परत जवळ घेतला. "शेठ, ऐका तरी. एवढे देश आपल्या शब्दावर आपल्याकडे येतायत. यजमान आपण आहोत. यजमान स्वतःचं पान मोठं मांडत नसतो."

फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा तापला होता. पण मान ताठ होती, बहिणीच्या लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत वाढताना होती तशी. त्याने बूट काढून दाराशी ठेवले आणि तो टेबलापाशी आला.

"चाचा, एक टोक मी धरतो."

शमशुद्दीनभाईंनी केशरी कापडाचं टोक त्याच्या हातात दिलं आणि कात्री उचलली.

"ताठ धरा," ते म्हणाले. "आपला आहे."