वळणं सांगणारी

रॅलीच्या गाडीला नवे कॉइलओव्हर, म्हणजे कडक-मऊ करता येणारे शॉकॲब्सॉर्बर बसवल्यापासून शेजारी बसून वळणं सांगणाऱ्या नणंदेचा आवाज थरथरत होता. गार्गी घाबरतेय, असं केतकीला वाटलं. शर्यतीला तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला नेते, हे घरच्या माणसाला सांगायचं कसं?

सरावाच्या कच्च्या रस्त्यावर गाडी थांबवून तिनं विचारलंच, “भीती वाटते का गं?”

“भीती कसली, वहिनी! गाडी इतकी आदळते की दातांवर दात आपटतात.”

केतकीला हसू फुटलं. चारही चाकांपाशी वाकून तिनं शॉकॲब्सॉर्बर थोडे मऊ केले आणि गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर घातली.

“डावीकडे, अवघड! पुढे चढ, मग उजवीकडे, सोपं! सुसाट सोड गाडी!” गार्गीचा आवाज खणखणीत होता.

चढापलीकडचं वळण केतकीला दिसत नव्हतं. तिनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही.