मंगळवारचं गुणी लेकरू

"दिपालीताई, तीन महिने झाले. तुम्ही सांगता तसा राग मला एकदाही दिसला नाही," पुण्याच्या समीक्षा मॅडम व्हिडिओ कॉलवरून म्हणाल्या. "दिसल्याशिवाय उपाय कसा सांगू?"

दिपालीच्या नऊ वर्षांच्या खुशीला जन्मजात जनुकांचा आजार. पोट भरलं हे तिला कळतच नाही, आणि खायला नाही म्हटलं की घर डोक्यावर घेते. काल तर शाळेत बाईंनाच चावली. पुन्हा चावली तर शाळा बंद, असं बजावून झालेलं. पांढरकवड्यात असल्या लेकरांचा डॉक्टर मिळतो कुठं? म्हणून दर मंगळवारी मोबाइलवर मॅडम. आणि मोबाइल लागला रे लागला, की कार्टी महालक्ष्मी बसवल्यासारखी गप्प!

"सकाळीच ताट फेकलं जी हिनं! मी काय खोटं बोलून राह्यली?"

तेवढ्यात कुडुमकुडुम आवाज आला. खुशीचे गाल हलत होते. दिपालीनं वाकून पाहिलं, तर पलंगामागं सासरे भगवानराव, हातात फुटाण्यांचा डबा.

"मामाजी! दर मंगळवारी?"

"मंग काय करू?" भगवानराव बिचकले. "परक्या बाईसमोर लेकरानं तमाशा केला तं घराची इज्जत राह्यते का, सूनबाई?"

झालं! दिपालीनं डबा हिसकावला आणि भिंतीवर आपटला. घरभर फुटाणे. "इज्जत घाला चुलीत! पोरीची शाळा गेली तं काय करसान? इथं मी खोटी पडून राह्यली, न तुमाले इज्जतीची पडली!"

खुशी उठली. तिनं आईच्या छातीवर तळवा ठेवला.

"आई, फुलाचा वास घे. हळू. आता दिवा फुंक."

राग आला की असा श्वास घ्यायचा, हे मॅडमनी शिकवलेलं. पोरीच्या डोक्यात त्यातलं काडीचंही शिरलं नाही, असंच घरात सगळे धरून चालले होते.

दिपालीनं फुंकलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी फुंकत राहिली. पलंगामागून भगवानरावांनीही, कोणी सांगितलं नसताना, एक फुंकर मारली.

"शाबास खुशी!" मॅडम म्हणाल्या. "उतरला का आईचा राग?"

खुशीनं आईचं तोंड नीट न्याहाळलं. मग जमिनीवर सांडलेल्या फुटाण्यांकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले, मुठी वळल्या.

"आईचा उतरला," ती म्हणाली. "आता माहा येऊन राह्यला."