पहिला चाफा

नर्मदाकाकू रोज सकाळी फुलांची टोपली घेऊन माझ्याच शेअर रिक्षानं वसईच्या बाजाराला जायच्या. बसण्याआधी पहिला सोनचाफा माझ्या आरशामागे खोचायच्या. आज मात्र त्या स्टँडवर नव्यानं आलेल्या बिनड्रायव्हरच्या इलेक्ट्रिक टॅक्सीकडे वळल्या. “धूर नाय, भाडं कमी, फुलंपण सुकत नाय,” मी न विचारताच म्हणाल्या. सवयीनं टोपलीतला पहिला चाफा त्यांनी तिच्या पुढच्या फटीत खोचला. इतर दोन प्रवाशांबरोबर त्या आत बसल्या, दार लागलं, पण टॅक्सी हलेना. ‘समोर अडथळा आहे’ एवढंच बोलत राहिली. चाफ्यानं कॅमेरा झाकलाय हे मी ओळखलं आणि गंमत बघत राहिलो. पण माझं फूल तिच्या अंगावर काही बघवेना. शेवटी जाऊन मी ते उपटून घेतलं. टॅक्सी लगेच निघाली. चाफा माझ्या मुठीत होता. मागच्या काचेतून काकूंनी मला हात जोडले.