बन्यांचं सुतक

स्कॉटलंडहून आलेल्या म्हाताऱ्याने आमच्या पडवीत लॅपटॉप उघडला. जुन्या नकाशावर त्याच्या आडनावाचे चाळीस ठिपके होते, सगळे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला. आजच्या नकाशावर तिथे एकच उरला होता, आणि आमच्या संगमेश्वर तालुक्यावर भलामोठा लाल डाग.

"आमची माणसं इकडे कशी आली, तेवढं कळू दे," तो म्हणाला. "सहा दिवसांपूर्वी माझा भाऊ गेला. तिकिटं दोघांची काढली होती."

पडवीत जमलेल्या बनेवाडीतल्या सगळ्या बन्यांना मी ते मराठीत सांगितलं. काकी म्हणाली, "भावकीतला गेला म्हणजे सुतक आलं. अजून चार दिवस. उद्याची पूजा कशी व्हायची?"

तेवढ्यात म्हाताऱ्याने स्वतःचं आडनाव उच्चारलं आणि माझी ट्यूब पेटली.

"काकी, हा बने नव्हे, बेन. इंग्रजीत दोन्ही सारखंच लिहितात. नकाशाला काय कळणार?"

"म्हणजे सुतक लागतं की नाही?"

म्हातारा तोवर एकेकाचं नाक न्याहाळत होता, भावासारखं कुठे दिसतंय का ते.

"नाही लागत," मी म्हणालो.

"मग तो आपल्यातला नव्हे, हे तूच सांग त्याला."

मी त्याच्यापर्यंत गेलो. तो हसला आणि खुर्चीत सरकून मला जागा करून दिली.

मी ते न सांगताच परत फिरलो आणि पूजेसाठी दाराला बांधलेलं तोरण सोडायला लागलो.