दौलताबादवर सराव

उन्हाळ्यात मनालीकडं पाठीवर सॅक घेऊन दहा दिवस पायी भटकायचं, नवरा-बायको दोघंच, असं मी ठरवलं. सुरेखा हो म्हणंना. "बर्फात तुमच्या भरवशावर कशी येऊ?" म्हणली. म्हणलं, सराव करू. दोघांच्या सॅकमधी आठ-आठ किलो ज्वारी भरली अन् दौलताबादचा किल्ला चढायला लागलो. मी पुढं, ती मागं, आमच्यात असंच चालत्यात. अर्ध्यावर ध्यानात आलं, मागं पाऊल वाजत नाय. वळलो तर पायऱ्या मोकळ्या. "सुरेखे!" लई बोंबललो. वाकून खालच्या खंदकात बघितलं. सॅक टाकून पळत खाली आलो, तर बाई भिंतीच्या सावलीत बसलेली, धडधाकट. "ओ का देत नव्हतीस?" "मागं कधी बघता, ते बघत व्हते. वीस मिनिटं लागली! बर्फात मढं झालं असतं माझं." ती उठली. "तिकिटं काढा. पण पुढं मी चालणार."