नानांना झेपणार नाही

पडद्यावर नानांच्या छातीचं चित्र होतं. मधोमध, वरून खाली, पोलादी तारेचे सहा वेढे. प्रत्येकाच्या टोकाला पीळ. खालून दुसऱ्या वेढ्याचा पीळ किंचित डावीकडे कलला होता. बारा वर्षांपूर्वी बायपासच्या वेळी कापलेलं छातीचं हाड या तारांनी बांधून बंद केलं होतं. हाड पुढे दोन-तीन महिन्यांत सांधलं असणार. तारा तशाच राहिल्या होत्या.

दर्शना त्या कललेल्या पिळाकडे बघत होती. आईकडे बघायचं तिला टाळायचं होतं.

परळच्या हॉस्पिटलातली ती खोली लहानशी होती. नाना स्टुलावर बसून शर्टाची बटणं लावत होते. आई त्यांच्या मागे उभी, पदराचं टोक मुठीत. तरुण डॉक्टरबाईंनी माउस सरकवला आणि चित्र फिरलं.

"छातीतली धमनी वळवून जोडली होती, ती अजून उत्तम चालू आहे," त्या म्हणाल्या. "पायातून काढलेल्या दोन शिरा जोडल्या होत्या. त्यातली एक..."

आई खोकली.

त्या खोकल्याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. नानांसमोर आता पुढे बोलायचं नाही. मॅचची शेवटची षटकं आली की टीव्ही बंद व्हायचा. गावाहून वाईट खबर आली की फोन गॅलरीत नेला जायचा. दर्शना पहिल्यांदा गालावर वळ घेऊन वरळीहून माहेरी आली, तेव्हाही आई आधी खोकली होती आणि मग मोरीत नेऊन म्हणाली होती, "नानांच्या छातीला झेपणार नाही गं. जरा थांब." दर्शना थांबली. दर वेळी थांबली आणि दर वेळी नवऱ्याकडे, धनेशकडे परत गेली. आता आठवडाभर लालबागला माहेरी होती, ती नानांच्या तपासणीचं निमित्त सांगून. संध्याकाळी धनेश तिला न्यायला येणार होता.

डॉक्टरबाईंना त्या खोकल्याचा अर्थ माहीत नव्हता. "त्यातली एक बंद पडलीय," त्यांनी वाक्य पुरं केलं.

"डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर येता का?" आई घाईघाईने म्हणाली. "काय ते मला सांगा. ह्यांना नको."

"काकू, पेशंट हे आहेत. मी यांनाच सांगणार."

नानांचा हात बटणावर थांबला. "कधी बंद पडली?"

"नेमकं सांगता येणार नाही. पण बरीच वर्षं झाली असावीत. आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांनी तो भाग सांभाळून घेतलाय. तुम्हाला चालताना दुखत नाही, मघाशी ट्रेडमिलवरही छान चाललात. आत्ता काही करायची गरज नाही. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत."

नाना आधी गालातल्या गालात हसले, मग मोठ्यानं. "म्हणजे माका न सांगताच बंद पडली? आमच्या घरातलीच ती. दुसरां काय करतली!"

"अहो, एवढं हसू नका."

"का? हसण्यानं दुसरी बंद पडात?" नाना स्टुलावरच मागे वळले. "अंबिके, दादा जावन तीन वर्षां झाली."

आईच्या मुठीतला पदर सुटला. थोरले दीर वारल्याचं तिने नानांपासून लपवलं होतं. दर मे महिन्यात बाजारातून आंबे आणून ती नानांपुढे ठेवत होती, गावाहून भावोजींनी धाडले म्हणून.

"दादाकडे हापूसचा एक झाड नाय," नाना म्हणाले. "तो गोणीतून रायवळ धाडायचो. तू हापूसची पेटी पुढ्यात ठेवलंस, तेव्हाच समाजलंय, दादा रवलो नाय. दादरच्या चौपाटीर जावन दादाच्या नावान समुद्रात बुडी मारून इलंय. तू विचारलंस, भिजलात कसे? नळ फुटलो म्हणान सांगितलंय."

"तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तुका झेपाचां नाय म्हणान गप रवलंय."

आई भिंतीकडेच्या खुर्चीत बसली. तिने डोळे पुसले नाहीत. "बारा वर्षांमागे गणेश गल्लीत तुम्ही छाती धरून पडलात," ती म्हणाली, "तेव्हा तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्हाला काय ठाऊक?" नानांनी अर्धवट राहिलेलं बटण लावलं. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत राहिल्या.

दर्शनाला वाटलं, आईची भीती खरी होती. बारा वर्षं ती खरीच होती. पण शीर बंद पडायची तेव्हा पडली. कुणी खोकलं म्हणून थांबली नाही, आणि वळ लपवले म्हणून उघडी राहिली नाही. आणि हा माणूस भावाचं मरण पोटात ठेवून, तीन उन्हाळे बायकोच्या समाधानासाठी बाजारातला आंबा खात होता.

ती उठून नानांसमोर आली. आईने तिचा चेहरा पाहिला आणि झटकन तिचं मनगट धरलं.

"दर्शना, घरी गेल्यावर. इथे नको."

"घरी गेल्यावर तू मला मोरीत नेशील, आई."

"तुला तुझ्या नानांची शपथ आहे."

"माझी शपथ माका विचारल्याबगर कित्याक घालतस?" नाना म्हणाले. "बोल गो."

दर्शनाने मनगट सोडवून घेतलं.  

"नाना, धनेश मला मारतो. मी वरळीला परत जाणार नाही."