कॅमेऱ्याच्या अक्षता

कॉम्प्युटर काही आमच्या कॅमेऱ्याला ओळख देईना. केबल काढून परत घातली, सगळं बंद करून चालू केलं. आई म्हणाली, "अरे, त्याचं तोंड पुसून बघ. धुळीने ओळखू येत नसेल."

जहाजावर नोकरीला असलेले भावोजी फोनवर व्हिडिओ कॉल लावून ताटकळत होते. त्यांच्या लेकीने, ओवीने, दसऱ्याच्या पूजेत टाकलेली पहिली पावलं याच कॅमेऱ्यात होती, आणि जहाजाची रेंज कधीही जाणार होती.

शेवटी मी कॅमेऱ्याच्या कडेला केबल लावायच्या भोकात सेफ्टी पिन घातली. कुंकू लावलेला तांदळाचा दाणा बाहेर आला. मागोमाग दुसरा.

"बाबा!" ताई ओरडली. "यंत्राची पूजा करायची असते, त्याला जेवू नाही घालायचं!"

"मी फक्त फूल वाहिलं," बाबा म्हणाले. "तेही कॅमेरा चालू ठेवून. पूजेला यंत्र जागं हवं."

कोणाचाही विश्वास बसला नाही.

आता मात्र केबल लागताच चित्र उमटलं. ओवी हात सोडून उभी राहिली आणि डुगडुगत थेट कॅमेऱ्याकडे आली. मुठीत अक्षता होत्या. मूठ पडद्याच्या कडेला दिसेनाशी झाली आणि रिकामी परत आली.

फोनवर भावोजी रडायलाच लागले. "चालली! चालली!"

"नुसती चालली काय," बाबा ताठ बसत म्हणाले, "पूजा करून गेली."